ईम, ॲशफर्ड, एन्झर: डार्बीशरच्या जुन्या गावांत दोघांचा एक दिवस

इंग्लंडमधली जुनी गावं बघायची म्हटलं की बहुतेक जण कॉट्सवोल्ड्स गाठतात आणि दिवसाला पाच-सहा गावं उरकून येतात. आम्ही दोघांनी पहिल्या वर्षी तेच केलं. संध्याकाळी गाडीत बसून फोटो चाळायला लागलो, तर कुठला पूल कुठल्या गावातला, हे दोघांनाही सांगता येईना. गावं सुंदर होती, पण आमची त्यांच्याशी ओळखच झाली नव्हती. तेव्हापासून आमचा नियम ठरला: एका दिवसात तीनच गावं, आणि त्यातल्या एका गावाला निम्मा दिवस.

पुढे दिलाय तो या नियमात बसणारा आमचा सगळ्यात आवडता दिवस. जागा आहे पीक डिस्ट्रिक्ट, म्हणजे मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधला डोंगराळ मुलूख. १९५१ साली ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून तो जाहीर झाला. आपल्याकडच्या अभयारण्यासारखा हा प्रकार नाही. इथे माणसं राहतात, शेती करतात, मेंढ्या पाळतात. फक्त बांधकामावर कडक नजर असते. म्हणून गावं टिकून आहेत.

तीन गावं अशी: ईम, ॲशफर्ड-इन-द-वॉटर आणि एन्झर. मध्ये जेवायला बेकवेल. नावं आत्ताच पाठ करून ठेवा, कारण पाटीवरचं स्पेलिंग फसवतं. ईमचं स्पेलिंग आपण सरळ 'इयाम' वाचतो आणि एन्झरचं 'एडेन्सॉर'. बसमध्ये चढताना तसं म्हटलंत तर ड्रायव्हर गोंधळतो.

दिवस कुठला निवडायचा

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवस दुप्पट झाल्यासारखा वाटतो. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं आणि हा कार्यक्रम निम्माही होत नाही.

सोमवार टाळा. ईमचं संग्रहालय सोमवारी बंद असतं (हिवाळ्यात तर काही महिने पूर्णच बंद), आणि बेकवेलचा आठवडी बाजार व गुरांचा बाजार सोमवारीच भरतो, म्हणजे गाडी लावायला जागा नाही. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत हिंडता येत नाही. आमच्या मते बुधवार किंवा गुरुवार सगळ्यात चांगला. सुट्टी मिळत नसेल तर शनिवार घ्या, पण लवकर निघा.

जमत असेल तर विहिरी सजवण्याचा काळ साधा. या डार्बीशर परगण्याची ही खास रीत. मोठ्या लाकडी फळ्या पाण्यात भिजवून त्यांवर ओल्या मातीचा थर देतात आणि त्या मातीत फुलांच्या पाकळ्या, पानं, बिया, शेवाळ एकेक करून दाबत चित्र उभं करतात. मग ती फळी गावातल्या विहिरीवर किंवा झऱ्यावर उभी करतात. पाण्याबद्दलची कृतज्ञता हा मूळ भाव. फुलांची रांगोळी काढणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे बघताना वेगळंच भरून येतं. जवळ जाऊन बघा: पाकळ्या वरून खाली कौलांसारख्या एकावर एक लावलेल्या असतात, पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून. ॲशफर्डला हे मे अखेर ते जूनच्या सुमारास असतं, बेकवेलला जून-जुलैच्या सांध्यावर आणि ईमला ऑगस्टच्या शेवटी.

कसं पोहोचायचं

लंडनच्या सेंट पँक्रसहून शेफील्डला रेल्वेने दोन तासांच्या थोडं वर लागतं. मँचेस्टरहून शेफील्डला साधारण तासभर, आणि ती रेल्वे होप व्हॅलीतून जाते. खिडकीजवळची जागा धरा.

दोघं असाल तर 'टू टुगेदर रेलकार्ड' काढाच. दोन ठरावीक व्यक्तींनी एकत्र प्रवास केला की तिकिटात एक तृतीयांश सूट मिळते. नवरा-बायकोच असायला हवं असं नाही. दोन मैत्रिणी, मायलेकी, कुणीही चालतं. अट एवढीच की दोघांनी बरोबर असायला हवं आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. लंडनहून दोघांनी एकदा जाऊन-येऊन केलं तरी कार्डाच्या किमतीचा मोठा भाग वसूल होतो.

शेफील्डहून पुढे बस. ६५ नंबर ईमवरून बक्स्टनला जाते, २१८ नंबर चॅट्सवर्थच्या राजवाड्यावरून बेकवेलला. ईम ते बेकवेल २५७. खेड्यातल्या या बस आहेत, तासाला एक मिळाली तरी नशीब, आणि रविवारी त्याहून विरळ. वेळापत्रक वर्षातून एक-दोनदा बदलतं, म्हणून आदल्या रात्री बघून कागदावर लिहून घ्या. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, दऱ्यांमध्ये रेंज जाते. एकदा आमची परतीची शेवटची बस दोन मिनिटांनी हुकली, आणि टॅक्सी बोलवायला रेंज मिळेपर्यंत टेकडी चढावी लागली. त्या दिवसापासून शेवटची नव्हे, शेवटून दुसरी बस पकडायची, हे ठरलेलं.

गाडी असेल तर तिन्ही गावं आरामात होतात. भारतातून फिरायला आलेल्यांना आपल्या लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, आणि इथेही रस्त्याच्या डाव्याच बाजूने चालवायचं असल्याने हात पटकन बसतो. फक्त गावांमधले रस्ते अरुंद, दोन्हीकडे दगडी भिंती. समोरून ट्रॅक्टर आला की ज्याला मागची रुंद जागा जवळ असेल त्याने मागे घ्यायचं. वाट दिली की हात वर करायचा. इथे ही साधी ओळख फार मानतात.

बसने जाणाऱ्यांनी ॲशफर्ड आणि एन्झर यांपैकी एकच निवडावं. ईम मात्र सोडू नये.

सकाळी दहा: ईम

या गावाला मी निम्मा दिवस द्या म्हणते, त्याचं कारण आधी सांगते.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेग होता. ईम तिथून दीडशे मैलांवर, शिशाच्या खाणींवर जगणारं गाव. ऑगस्टच्या शेवटी गावच्या शिंप्याकडे लंडनहून कापडाचं एक गाठोडं आलं. कापड दमट होतं, म्हणून जॉर्ज व्हिकर्स नावाच्या त्याच्या मदतनिसाने ते शेकोटीपुढे वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या. ७ सप्टेंबरला जॉर्ज गेला. मग त्या घरातली मुलं, मग शेजार. वर्षअखेरपर्यंत बेचाळीस माणसं गेली. थंडीत साथ मंदावली आणि वसंतात पुन्हा उसळली.

जून १६६६ मध्ये गावाने एक निर्णय घेतला. गावचे धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन तरुण आणि नवखे होते. त्यांच्या आधीचे थॉमस स्टॅन्ली प्युरिटन पंथाचे म्हणून पदावरून काढलेले, पण गावाचा जीव त्यांच्यावर. दोघांचं एकमेकांशी पटण्यासारखं काही नव्हतं. तरी दोघं एकत्र उभे राहिले आणि गावापुढे तीन गोष्टी ठेवल्या: ज्याने त्याने आपली माणसं आपल्या शेतात-परसात पुरायची, प्रार्थना चर्चऐवजी उघड्यावर करायची आणि साथ संपेपर्यंत कुणी गावाची शीव ओलांडायची नाही. बाहेरच्या लोकांनी, त्यात चॅट्सवर्थचे जहागीरदारही आले, शिवेवर धान्य-औषध आणून ठेवायचं. गावाने शब्द पाळला. नोव्हेंबर १६६६ मध्ये साथ थांबली तोवर २६० माणसं गेली होती.

माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, की प्लेगात सगळं गाव घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिलं होतं. पुण्यात १८९७ च्या साथीत प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेणाऱ्या सावित्रीबाई फुले त्याच आजाराने १० मार्चला गेल्या, हे आपण शाळेत शिकलो. आपल्याकडे घर सोडणं हा उपाय होता. इथे गाव न सोडणं हा. दोन्ही गोष्टी मनात ठेवून ईमच्या रस्त्याने चाललं की हा इतिहास परका राहत नाही.

आता पायऱ्या-पायऱ्यांनी.

सुरुवात संग्रहालयापासून करा. गावाच्या वरच्या अंगाला जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये ते १९९४ पासून आहे, समोरच गाडीतळ. इमारतीवरच्या वातकुक्कुटाकडे बघा: कोंबड्याच्या जागी उंदीर आहे. आत तास पुरतो. साथ घरोघर कशी सरकली ते तारखांसकट मांडलेलं आहे. हे आधी पाहिलं नाही तर पुढची घरं नुसती गोंडस दगडी घरं वाटतात.

तिथून उताराने खाली मुख्य रस्त्याला या आणि डावीकडे वळा. ईम हॉल हा १६७० च्या दशकातला वाडा लागतो, समोर हिरवळीवर गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. आणखी पुढे चर्चच्या अलीकडे ती घरं, ज्यांना प्लेगची घरंच म्हणतात. बागेत गुलाब, दारात दुधाच्या बाटल्या, आणि कुंपणाला हिरवी पाटी. पाटीवर त्या घरात गेलेल्यांची नावं आणि तारखा. एका घराच्या पाटीवर सगळं कुटुंब संपलेलं दिसतं. आम्ही दोघं ती नावं हळू आवाजात वाचतो, एक तो, एक मी असं. तुम्हीही वाचा. घाई केली तर नावांचे आकडे होतात.

या घरांत आजही लोक राहतात. खिडकीतून डोकावू नका, कुंपणावर टेकून फोटो काढू नका, पायरीवर बसू नका. पलीकडच्या फुटपाथवरून सगळं दिसतं.

मग सेंट लॉरेन्स चर्च. आवारात आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रॉस आहे, त्याच्या खांबाचा वरचा तुकडा कधीच हरवलेला. भिंतीवर उंचावर १७७५ चं सूर्यघड्याळ. आत मृतांची नोंदवही मांडलेली आहे आणि साथीची गोष्ट सांगणारी रंगीत काचेची खिडकी. क्रॉसजवळच कॅथरीन मॉम्पेसनची कबर आहे. ती त्या तरुण धर्मगुरूची बायको. दोघांनी आपली दोन मुलं आधीच यॉर्कशरला पाठवली होती. नवऱ्याने तिलाही जा म्हटलं; ती गेली नाही, आजाऱ्यांची सेवा करत राहिली. २५ ऑगस्ट १६६६ ला ती गेली. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात अजूनही प्लेग रविवार पाळतात आणि प्रार्थना त्याच उघड्या घळीत होते, जिथे तेव्हा घराघरांनी एकमेकांपासून अंतर राखून उभं राहून ती केली होती.

त्या घळीबद्दल गावात आणखी एक गोष्ट सांगतात. एमट सिडल ही ईमची, रोलंड शेजारच्या स्टोनी मिडलटनचा, लग्न ठरलेलं. साथ आल्यावर दोघं घळीच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांना नुसतं बघून जायची. एप्रिलमध्ये ती यायची थांबली. तो मात्र येत राहिला. गाव खुलं झाल्यावर आत शिरणाऱ्या पहिल्या माणसांत तो होता म्हणतात. कागदोपत्री यातलं किती खरं, यावर वाद घालता येईल. पण एमटच्या घरावरची पाटी खरी आहे, तिच्यावर नावंही आहेत.

आता चाल. चौकातून लिडगेट नावाच्या गल्लीने बाहेर पडा, घरं संपली की शेतातली पायवाट सुरू होते. वीसेक मिनिटांत शिवेचा दगड येतो. मोठा, अनघड, गवतात बसलेला, आणि माथ्यावर सहा भोकं. बाहेरच्यांनी ठेवलेल्या धान्याचे पैसे गावकरी या भोकांत ठेवायचे, वर व्हिनेगर ओतून, म्हणजे नाण्यांबरोबर रोग जाऊ नये. बोट घालून बघा: कडा गुळगुळीत झाल्या आहेत, आत पावसाचं पाणी साचलेलं असतं आणि तळाशी हल्ली येणाऱ्यांनी टाकलेली तांब्याची नाणी हिरवट पडलेली. त्या दगडापाशी उभं राहिलं की खाली स्टोनी मिडलटनची छपरं स्पष्ट दिसतात. इतकं जवळ. उतरायला दहा-पंधरा मिनिटं लागतील. साथ संपेपर्यंत तिथवर यायचं, पैसे ठेवायचे आणि मागे फिरायचं, हे त्या माणसांनी केलं. त्या अंतराची कल्पना पुस्तकातून येत नाही, म्हणून पाय दुखत असले तरी हा टप्पा गाळू नका.

वेळ आणि दम असेल तर गावाच्या पूर्वेला रायलीच्या कबरी. अर्धा मैल, पण चढ. शेताच्या मधोमध गोल दगडी भिंत आणि आत सात कबरी. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे आपल्या हाताने पुरली. शेजारी कुणी मदतीला येऊ शकत नव्हतं. इथे आम्ही बोलत नाही.

या सगळ्याकडे नुसतं हौतात्म्य म्हणून बघू नये, असं मला वाटतं. गावाने शीव बंद केल्यामुळे आजूबाजूचा मुलूख वाचला, पण आत अडकल्यामुळे ईमची माणसं जास्त गेली असावीत, असं म्हणणारेही इतिहासकार आहेत. मॉम्पेसनने स्वतःची मुलं बाहेर काढली होती, हेही विसरता येत नाही. मला त्यामुळे ही माणसं आणखी जवळची वाटतात. ती भ्यायली होती आणि तरी थांबली.

दुपारी दीड-दोन: बेकवेल, फक्त जेवणापुरतं

बेकवेल हे गाव नव्हे, बाजाराचं छोटं शहर. इथे फार वेळ घालवू नका. एक गोष्ट ध्यानात ठेवा: इंग्लंडच्या खेड्यांतल्या बऱ्याच पबचं स्वयंपाकघर दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळीच उघडतं. ईममध्ये उशीर झाला तर पबच्या नादी न लागता बेकवेलचं कॅफे गाठा. शाकाहारी असाल तर जॅकेट पोटॅटो, चीज आणि कांद्याचं सँडविच, भाज्यांचं सूप हमखास मिळतं. सूप मांसाच्या पाण्यात केलंय का ते विचारा. इथे ते विचारणं कुणाला खटकत नाही. आम्ही तर पराठे आणि लिंबाचं लोणचं डब्यात घेऊन नदीकाठच्या बाकावर बसतो. बदकं पायाशी येतात, त्यांना पाव घालू नका.

बेकवेल पुडिंग मात्र चाखा. बेकवेल टार्ट वेगळा, पुडिंग वेगळं. टार्टला खालून बिस्किटासारखा खुसखुशीत तळ आणि वर बदामाचा केकसारखा थर. पुडिंगचं आवरण पापुद्र्यांचं, तळाशी जॅम आणि वर अंडी-बदामाचं मऊ, थोडं डगमगतं सारण. अंडी न खाणाऱ्यांसाठी दोन्ही बाद. इथल्या एका खानावळीत स्वयंपाकिणीच्या चुकीतून पुडिंग जन्मलं, अशी गोष्ट दुकानादुकानात ऐकू येते. गरम मागा, दोघांत एक पुरतं.

नदीवर पाच कमानींचा मध्ययुगीन पूल आहे, त्यावरून चालून या आणि निघा.

साडेतीन: ॲशफर्ड-इन-द-वॉटर

बेकवेलहून दोनेक मैल. वाय नदीच्या कडेने शेतांतून पायवाट जाते, पाऊण तासाची सोपी चाल. नाहीतर बस किंवा गाडी.

शेतातून जाताना चार गोष्टी. फाटक जसं असेल तसं सोडा, बंद असेल तर बंद. पिवळा बाण दिसेल तीच पायवाट. दगडी भिंतीत माणूस जेमतेम मावेल अशा फटी ठेवलेल्या असतात. मेंढी जाऊ नये, माणूस जावा म्हणून. पाठीवरची सॅक काढून आडवं व्हा. आणि वासरू असलेल्या गाईपासून लांब राहा. गोठ्यातल्या गाईंना कुरवाळत वाढलेल्यांनाही हे सांगावं लागतं, कारण इथल्या मोकळ्या गाई वासरासाठी अंगावर येतात. नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल २४ घ्या, कागदाचा.

ॲशफर्डला बघायचा तो मेंढ्या धुवायचा पूल. अरुंद, तीन कमानींचा, घोड्या-खेचरांच्या पाठीवरून माल जायच्या काळातला. एका टोकाला दगडी कोंडवाडा जोडलेला आहे. लोकर कातरण्याआधी मेंढ्या धुवायच्या असत. मेंढीला पाणी आवडत नाही. मग इथल्या लोकांनी युक्ती काढली: कोकरं या काठच्या कोंडवाड्यात आणि त्यांच्या आया पलीकडच्या काठावर. कोकरं ओरडली की आया पोहत लेकरांकडे यायच्या आणि आपोआप धुतल्या जायच्या. कोंडवाड्याच्या भिंतीवर हात ठेवून ही गोष्ट जोडीदाराला सांगा. पुलावरून पाण्यात बघितलं तर ट्राउट मासे प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून एका जागी स्थिर उभे दिसतात. पाणी इतकं नितळ की त्यांच्या अंगावरचे ठिपके मोजता येतात.

होली ट्रिनिटी चर्चच्या आत मान वर करून बघा. छताखाली कागदी फुलांचे, लाकडी चौकटीवर बांधलेले जुने तुरे टांगलेले आहेत. लग्नाआधी गेलेल्या मुलींच्या अंत्ययात्रेत ते पुढे नेत आणि नंतर चर्चमध्ये टांगून ठेवत. अडीचशे वर्षांच्या धुळीने कागद तपकिरी झालाय. ज्यांना इथला काळा संगमरवर माहीत आहे त्यांनी त्याचं जडावकाम केलेलं टेबलही बघावं. खरं तर तो संगमरवर नव्हे, घासल्यावर काळाभोर चमकणारा चुनखडक.

इथे तास पुरे. चहा घ्यायचा असेल तर इथेच घ्या.

साडेपाच: एन्झर

दिवसाचा शेवट इथे करावा, कारण या वेळी गर्दी ओसरलेली असते आणि उन्हं तिरपी होतात.

चॅट्सवर्थ हा डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा राजवाडा, आणि एन्झर त्यांचं गाव. आधी गाव वाड्याच्या खिडकीतून दिसायचं. ते दिसू नये म्हणून हलवलं गेलं. सहाव्या ड्यूकने १८३८ ते १८४२ या काळात जोसेफ पॅक्स्टनच्या देखरेखीखाली नवं गाव उभारलं, आणि प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं बांधलं. एक इटालियन मनोऱ्याचं, एक स्विस लाकडी कोरीवकामाचं, एक ट्यूडर धुरांड्यांचं. दारं-खिडक्या मात्र जहागिरीच्या एकाच निळ्या रंगाच्या. मूळ गावातलं एक घर भिंतीबाहेर हिरवळीवर एकटंच उरलंय. ते आवर्जून बघा, म्हणजे बाकीचं गाव कुठून उठवलं हे कळतं. सुंदर आहे हो गाव, पण ज्यांची घरं कुणाच्या नजरेआड करायला हलवली त्यांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला दरवेळी तिथे पडतो.

आता दोन धागे, जे मराठी माणसाने इथे येऊन हातात घेतल्याशिवाय जाऊ नये.

पहिला म्हणजे गावातलं सेंट पीटर्स चर्च. उंच निमुळता कळस, टोकदार कमानी. १८६० च्या दशकात ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी बांधलं. मुंबई विद्यापीठाचं कॉन्व्होकेशन हॉल आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे याच माणसाचे. ते कधी मुंबईला आले नाहीत, लंडनहून कागद पाठवले. फोर्टात ज्यांनी पदवी घेतलीय त्यांनी या चर्चच्या खिडक्यांच्या कमानी बघाव्यात, ओळखीच्या वाटतील.

दुसरा धागा केळीचा. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची मोठी कबर आहे. माळी म्हणून चॅट्सवर्थला आलेला हा माणूस पुढे लंडनचा क्रिस्टल पॅलेस उभारणारा झाला. त्याने १८३० च्या दशकात चॅट्सवर्थच्या काचघरात केळीचं एक बुटकं झाड वाढवलं, १८३५ च्या अखेरीस त्याला फुलोरा आला, मग फळ धरलं, आणि ड्यूकच्या आडनावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावचं बसराई आणि ग्रँड नैन हे दोन्ही वाण याच कॅव्हेंडिश गटातले. माझा नवरा रावेरचा. पहिल्यांदा त्या कबरीपाशी त्याने सॅकमधून केळं काढलं, दोन तुकडे केले आणि एक मला दिला. दरवेळी आम्ही ते करतो. साल डब्यात परत घेऊन जातो.

त्याच आवारात वरच्या बाजूला कॅथलीन केनेडीची कबर आहे, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांची बहीण. ड्यूकच्या थोरल्या मुलाशी १९४४ मध्ये तिचं लग्न झालं, चार महिन्यांत तो युद्धात पडला, १९४८ मध्ये ती विमान अपघातात गेली. जून १९६३ मध्ये केनेडी बहिणीच्या कबरीवर येऊन गेले. तिथे जमिनीत बसवलेली छोटी पाटी आहे.

गावाबाहेरच्या पार्कमध्ये मेंढ्या आणि हरणं मोकळी चरतात. रस्त्यावर लोखंडी नळ्यांची जाळी आडवी बसवलेली आहे, गाडी जाते, मेंढी जात नाही. चालताना पाय नळ्यांवर आडवा ठेवा किंवा शेजारच्या छोट्या फाटकातून जा. पार्कमधून चॅट्सवर्थपर्यंत पाऊण मैलाची हिरवळ आहे. राजवाडा आतून बघायचा असेल तर त्याला स्वतंत्र दिवस द्या, या दिवसात तो कोंबू नका.

बरोबर काय

चांगली पकड असलेले बूट, कारण चुनखडीचा दगड ओला झाला की साबणासारखा होतो. अंगावर एकावर एक घालायचे पातळ कपडे आणि पाऊस-वारा अडवणारं जाकीट. छत्री टेकडीवर उलटते. पाणी, डबा, भरलेला पॉवर बँक, आणि गाडीतळासाठी थोडी नाणी. चर्चमध्ये देणगीची पेटी असते, तिथे काही ठेवा. ही चर्च जपायचा खर्च गावंच उचलतात. शौचालय ईमच्या गाडीतळाशी आणि बेकवेलमध्ये मिळतं, एन्झरमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका.

परतीची २१८ एन्झरच्या फाटकाजवळ थांबते. बस वळणावरून दिसली की हात दाखवा, नाहीतर ती थांबत नाही.